रत्नागिरी: पर्यटक येतात, जेवतात आणि निघतात

मे महिन्यातला कुठलाही शनिवार घ्या किंवा डिसेंबरचा शेवटचा आठवडा. कोल्हापूर-सांगलीकडच्या गाड्या पहाटे निघतात, आंबा घाट उतरून साखरपा, पाली करत हातखंब्याला येतात आणि तिथून बऱ्याचशा गाड्या रत्नागिरी शहराकडे न वळता निवळी फाट्यावरून सरळ गणपतीपुळ्याला जातात. दर्शन, प्रदक्षिणा, समुद्र, उंटावर बसून फोटो, मोदक, रात्रीचा मुक्काम, सगळं तिकडेच. दुसऱ्या दिवशी आरे-वारेच्या रस्त्याने थांबत थांबत रील काढत रत्नागिरीत उतरायचं, थिबा पॅलेस, रत्नदुर्ग, भाट्याला एक चक्कर, सुरमई थाळी, जाता जाता आंबापोळी नि काजू, आणि चारच्या आत गाडी परत घाटाकडे. ज्या शहराचं नाव सांगून सहल निघाली त्याच्या वाट्याला हिशोब केला तर पाच तास येतात, त्यातला एक तास जेवणात आणि अर्धा तास पार्किंग शोधण्यात.

हे असं का होतं आणि यात काही बदलता येण्यासारखं आहे का, एवढंच इथे बघायचंय. 'पर्यटन वाढवा' म्हणून जी चर्चा चालते ती अजून एक उद्यान, अजून एक पुतळा, अजून एक सेल्फी पॉइंट इथे जाऊन थांबते, जणू काही बघायलाच कमी पडतंय. मला तसं वाटत नाही. मुंबई आणि पणजीच्या मधल्या किनाऱ्यावर इतकं शहरपण असलेलं दुसरं गाव नाही, पण आपण रत्नागिरी लोकांपुढे ठेवतो ती बीच म्हणून, आणि बीचच्या शर्यतीत ती हरते, हरणारच.

आधी शहर काय आहे ते

२०११ च्या जनगणनेत नगरपरिषद हद्दीची लोकसंख्या ७६ हजारांच्या आसपास होती. हा आकडा आता फसवा आहे कारण शहर वाढलं ते हद्दीबाहेर, नाचणे, कुवारबाव, मिरजोळे, शिरगाव या ग्रामपंचायतींमधे, बिल्डिंगा तिकडे झाल्या आणि रोज सकाळी ती सगळी माणसं साळवी स्टॉप, मारुती मंदिर, माळनाका करत खाली गावात उतरतात. इंग्रजांनी १८२२ मधे बाणकोटहून कारभार इथे हलवला तेव्हापासून हे जिल्ह्याचं ठिकाण. नगर वाचनालय १८२८ चं, नगरपरिषद १८७६ ची. म्हणजे कलेक्टर कचेरी, कोर्ट, जेल, सिव्हिल हॉस्पिटल, कॉलेजं, तालुक्याच्या माणसाची सगळी कामं इथेच, आणि कचेरीत काम असलेला माणूस कचेरीतून सुटला की बाजारात जातोच.

त्यात मासे, आंबा, मिरजोळ्याची एमआयडीसी. गद्रे मरीनसारखी सुरीमी (माशाचा लगदा) परदेशात पाठवणारी कंपनी इथलीच आहे हे बाहेरच्या किती जणांना माहीत असतं कुणास ठाऊक. आणि सगळंच आलं ते घेतलं असंही या गावाने केलेलं नाही, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला स्टरलाइटचा तांब्याचा कारखाना इथे यायचा होता, लोक रस्त्यावर उतरले आणि तो शेवटी तमिळनाडूत तुतिकोरीनला गेला.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे रत्नागिरी पर्यटकांवर जगत नाही. गणपतीपुळ्यात गर्दी नसली की हॉटेलवाल्याचे डोळे रस्त्याला लागतात, रत्नागिरीत राम आळीतल्या दुकानदाराला टुरिस्ट आला काय नि गेला काय, त्याचं गिऱ्हाईक पावस, खंडाळा, पाली इथून येतं. ही चांगलीच गोष्ट आहे, लॉकडाऊनमधे नुसत्या पर्यटनावर असलेल्या गावांचं काय झालं ते आपण बघितलंय. पण याचीच दुसरी बाजू म्हणजे पर्यटकाची कुणालाच घाई नाही. तो आला तर बरं, नाही आला तर त्याच्यावाचून कुणाचं अडत नाही. माझ्या मते ही सगळी परिस्थिती अशी राहण्याचं पहिलं कारण हेच, बाकीची नंतर.

समुद्र तीन बाजूंनी, पण पोहायला कुठे?

शहर बसलंय ते एका कातळी सड्यावर, म्हणजे दगडी पठारावर, आणि त्याच्या उतारावर. दक्षिणेला काजळी नदीची खाडी, पश्चिमेला रत्नदुर्गाचा घोड्याच्या नालासारखा डोंगर समुद्रात घुसलेला, उत्तरेला मिऱ्याचा डोंगर आणि त्याच्या पलीकडे काळबादेवी.

मांडवीचा किनारा गावाच्या अगदी पुढ्यात. वाळू काळी, कारण तिच्यात इल्मेनाइटसारखी जड काळी खनिजं आहेत, काळबादेवी आणि मिऱ्याच्या बाजूलाही ती सापडतात. संध्याकाळी भेळ, जेट्टीवर बसून गप्पा, पोरांचं क्रिकेट, मस्त जागा आहे, पण रीलमधला पांढरा-निळा समुद्र डोक्यात घेऊन आलेला माणूस ही वाळू बघून म्हणतो घाण आहे, आणि गाडीतून उतरतही नाही. आता त्याला कोण सांगणार की ही घाण नाही, दगडच तसा आहे.

दुसरा पांढरा समुद्र, मिरकरवाड्याच्या पलीकडे मिऱ्याच्या बाजूला. नाव पांढरा समुद्र पण किनारा वर्षानुवर्षं झिजत गेला, माडांच्या बागा गेल्या, रस्त्याला भगदाडं पडली आणि मग दगड आणि टेट्रापॉड (काँक्रीटचे चार पायांचे ठोकळे) टाकून बंधारा आला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात 'बसरा स्टार' नावाचं जहाज नांगर सुटून मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन आपटलं, माणसं सुखरूप काढली पण जहाज तिथेच रुतलं, आणि पुढची कित्येक वर्षं ते गंजत, मोडत तिथेच उभं. गंमत बघा, ज्या किनाऱ्यावर टुरिस्ट जात नव्हता तिथे लोक जहाज बघायला जायला लागले. कुणी बोर्ड लावला नाही, तिकीट नाही, सुशोभीकरण नाही. या जहाजाकडे मी पुन्हा येणार आहे.

तिसरा भाट्ये. पूल ओलांडला की सुरूचं बन, कृषी विद्यापीठाचं नारळ संशोधन केंद्र, लांबलचक सपाट किनारा, शहरात खऱ्या अर्थाने बीच म्हणावा तर हाच. पण खाडीच्या तोंडाजवळ ओहोटीला ओढ जबरदस्त असते, त्यामुळे स्थानिक माणूस इथे फिरायला येतो, पोहायला नाही.

आता याच्यासमोर गणपतीपुळं ठेवा, स्वयंभू गणपती, देवळाच्या दारात समुद्र, एमटीडीसीचं रिसॉर्ट, शेजारी मालगुंडला केशवसुतांचं स्मारक, पुढे जयगड किल्ला आणि तिथून फेरीबोटीने तवसाळला उतरून गुहागर. आणि दोघांच्या मधे आरे-वारे, वरून बघितलं तर डोळ्याचं पारणं फिटावं असा, खाली उतरलं तर घातकी. तिथे आणि पुळ्यात बुडण्याच्या बातम्या दरवर्षी येतात, गावातली माणसं ओरडून सांगतात तरी घाटावरची मंडळी पँटी वर करून आत शिरतातच. हे थोडं विषयांतर झालं, पण वाचणाऱ्यांपैकी कुणी जाणार असेल तर आरे-वारेला पाण्यात जाऊ नका, खरंच.

मग शहरात आहे काय?

थिबा पॅलेसपासूनच सुरुवात करू कारण तिथे सगळेच जातात, आणि बहुतेक जण वीस मिनिटांत बाहेर येतात.

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. नोव्हेंबर १८८५ मधे इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजाला राणी सुपायालतसकट बोटीवर घातलं, आधी मद्रास, आणि १८८६ च्या एप्रिलमधे रत्नागिरी. तेव्हा तो जेमतेम २७ वर्षांचा. रत्नागिरीच का, तर इथे यायला धड रस्ता नाही, रेल्वे नाही, पावसाळ्यात समुद्रही बंद, म्हणजे ज्या गोष्टींसाठी आपण शंभर वर्षं रडलो त्याच गोष्टींमुळे इंग्रजांना ही जागा पसंत पडली. सुरुवातीला राजाला बंगल्यांत ठेवलं, राजवाडा बांधून झाला १९१० ला. जांभा दगड, सागवान, उतरती छपरं, अर्धगोल नक्षीदार खिडक्या, आणि जागा अशी निवडलेली की समोर भाट्याची खाडी आणि समुद्र. राजा दुर्बीण लावून येणारी-जाणारी गलबतं बघत बसायचा असं अजून सांगतात. डिसेंबर १९१६ मधे तो इथेच गेला, घरचे लोक १९१९ मधे ब्रह्मदेशात परत गेले पण राजाची कबर राहिली ती शिवाजीनगरात, घरांच्या गर्दीत. २०१२ मधे म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन मुद्दाम तिथे येऊन गेले. आता तुम्ही मला सांगा, पॅलेस बघायला येणाऱ्या शंभरातल्या किती जणांना ही कबर दाखवली जाते? दोन ठिकाणांमधलं अंतर रिक्षाने पाच-दहा मिनिटांचं.

टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर, २३ जुलै १८५६. कौलारू घर, आवार, विहीर. तिथून काही मिनिटांवर पतितपावन मंदिर, १९३१ चं. सावरकर १९२१ मधे रत्नागिरीच्या जेलमधे आले, १९२४ मधे सुटले पण जिल्ह्याबाहेर जायचं नाही या अटीवर, आणि १९३७ पर्यंत इथेच राहिले. सगळ्या जातींना खुलं असलेलं हे देऊळ त्याच काळातलं, पैसा घातला भागोजीशेठ कीर यांनी. रत्नागिरीत हलाखीत वाढलेला, मुंबईत जाऊन बांधकाम ठेकेदार म्हणून मोठा झालेला माणूस. रत्नदुर्गाच्या पायथ्याचं भागेश्वर मंदिरही त्यांचंच, मुंबईत दादरची स्मशानभूमीही त्यांनीच बांधून दिलेली. म्हणजे एका माणसाच्या मागे निघालात तर अर्धं शहर फिरून होतं, जात काय होती, मुंबईचा पैसा गावात कसा परत यायचा, हे सगळं त्यात येतं. पण सध्या होतं काय, पतितपावनला पाटी वाचायची, भागेश्वरला घंटा वाजवायची, आणि दोन्ही एकाच माणसाची आहेत हे कळतच नाही.

रत्नदुर्ग हा चढायला सगळ्यात सोपा किल्ला, गाडी जवळजवळ दारात. मूळ बहामनी काळातला, मग आदिलशाही, १६७० मधे शिवाजी महाराजांनी घेतला. आत भगवती देवीचं देऊळ, समोरच्या टेकाडावर दीपगृह, आणि बुरुजावरून खाली बघितलं की एका बाजूला भगवती बंदर, दुसरीकडे मिरकरवाडा, बोटींची दाटी. इथे उभं राहिलं की शहराचा नकाशा एका नजरेत कळतो, म्हणून माझा तरी पाहुण्यांना आग्रह असतो की सुरुवात इथून करा. शेवटी दमून-भागून, ऊन डोक्यावर आणि पोरं रडायला लागलेली असताना गेलात तर काय दिसणार.

मिरकरवाडा

खरं शहर बघायचं तर सकाळी बंदरावर जायचं. एकही पॅकेजवाला तुम्हाला इथे आणत नाही आणि त्याला कारणं आहेत, वास, चिखल, बर्फाचं पाणी, ट्रक मागे घेणारा क्लीनर ओरडत असतो, उभं राहायला जागा नाही.

पण बघा काय चालू असतं. रात्रभर किंवा कित्येक दिवस बाहेर असलेल्या बोटी धक्क्याला लागतात. तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, इथला, खलाशी बरेचसे नेपाळी, त्यांची आपसात नेपाळी, धक्क्यावर मराठी आणि दालदी या मासेमारी करणाऱ्या मुसलमानांची त्यांची वेगळी बोली, तिन्ही एका वेळी कानावर पडतात. मासळी क्रेटमधून वर येते, ढीग ओतला जातो, लिलाव सुरू, बोली लावणारा काय बोलतोय ते नवख्याला कळतच नाही, मान हलली की माल गेला. मोठा माल बर्फात घालून ट्रकमधे, काही कारखान्याकडे. आणि कडेला बायका, पाटी घेऊन. त्या घेणार थोडं पण बघणार नीट, कल्ला उचलून, पोटाला अंगठा दाबून, आणि तासाभरात तोच मासा मार्केटमधे वाट्याने लागलेला असतो. बांगड्याचा वाटा, सौंदाळ्यांचा वाटा, कोळंबीचा वाटा. घासाघीस करायची तर करा पण पहिल्या भावाच्या निम्म्याला मागू नका, तिथे माणूस कायमचा लक्षात ठेवतात.

या बंदराची स्वतःची भांडणंही आहेत. पर्ससीन, म्हणजे थवाच्या थवा वेढून उचलणाऱ्या मोठ्या जाळ्यांचा प्रश्न इथे पेटलेला असतो, २०१६ च्या फेब्रुवारीतल्या अधिसूचनेने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम ठेवला, छोटे मच्छीमार म्हणतात तोही पाळला जात नाही आणि एलईडी दिवे लावून मासे गोळा करतात, पर्ससीनवाले म्हणतात चारच महिन्यांत कर्ज कसं फेडायचं. पर्यटकाला हे कशाला सांगायचं असं कुणी म्हणेल. मला वाटतं हेच सांगायचं, ताटात आलेला बांगडा कुठल्या जाळ्यातून आला हे कळलं तर जेवण जास्त गोड लागेल, की कडू, ते ज्याचं त्याने ठरवावं.

ताटातली सुरमई

आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत, घरगुती जेवण आणि वर राहायला दोन खोल्या, बोर्ड छोटासा, बाकी सगळं फोनवर. त्यांच्या स्वयंपाकघरात बसलं की या धंद्याचं गणित लवकर कळतं.

टुरिस्ट सुरमई मागतो, नाहीतर पापलेट. तिसरं नाव त्याला माहीत नसतं. काकूंच्या घरचे मात्र मुडदुशी खातात, सौंदाळे खातात, तारल्यांचं तिखलं करतात, चिंगळं घालून वांगं करतात, आणि हे सगळं सुरमईच्या मानाने बरंच स्वस्त. पण "मुडदुशी तळून देऊ का" म्हटलं की समोरचा नावच ऐकून नको म्हणतो. मग सुरमईचा तुकडा दिवसेंदिवस पातळ होत जातो आणि थाळीचा भाव वर, आणि कोल्हापूरला परत गेल्यावर हाच माणूस सांगणार, रत्नागिरीत लुटतात राव.

त्यात जून-जुलै. १ जून ते ३१ जुलै ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद. या काळात पावसाळी पर्यटक येतो, धबधबे, हिरवळ, सगळं बघतो आणि ताजी सुरमईच मागतो. ताजी कुठून येणार, बर्फातली असते नाहीतर बाहेरून आलेली. काकू सरळ सांगतात, "अहो, आत्ता खाडीचं मिळेल नाहीतर सुकं मिळेल. सोड्याची, म्हणजे सुक्या कोळंबीची, खिचडी करून देते, खाऊन तर बघा." जे ऐकतात ते पुन्हा येतात. नारळी पौर्णिमेनंतर यायचं असेल तर आधी फोन करा असंही सांगतात, गणपतीत मात्र कुणाला घेत नाहीत, घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं.

पाणी, रस्ता आणि रात्र

पाऊस इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि तरी एप्रिल-मे मधे पाणीकपात. कातळावर पडलेलं पाणी थांबतच नाही, उतारावरून समुद्रात. शहराची मुख्य भिस्त शीळ धरणावर. आणि नेमकं मे महिन्यातच आंबा, सुट्टी, टुरिस्ट, लग्नं सगळं एकदम येतं. म्हणून हजार खोल्यांची स्वप्नं बघणाऱ्यांनी आधी टँकरवाल्याचा नंबर जवळ ठेवावा.

रेल्वेचं म्हणाल तर गाड्या भरपूर, वंदे भारत थांबते, तेजस, जनशताब्दी, मांडवी, कोकणकन्या थांबतात. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावतेय, सगळ्यात लांब करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा शहराच्या जवळच. पण स्टेशन वर कुवारबावला, गाव खाली सहा-सात किलोमीटर, रात्री उतरलात की रिक्षावाला सांगेल तो भाव. एसटी स्टँडचं नवीन काम कित्येक वर्षं रखडलं, त्या काळात आलेल्या पाहुण्याने शहराबद्दल काय मत केलं असेल ते न बोललेलं बरं. मुंबई-गोवा हायवेबद्दल तर मी लिहितच नाही, त्यावर सगळ्यांचं लिहून झालंय.

मुक्काम न होण्याचं अजून एक कारण कुणी बोलत नाही ते म्हणजे रात्री करायला काही नाही. सूर्यास्त थिबा पॉइंटवरून झकास दिसतो, सात वाजता संपतो, मग पुढे काय? मांडवीला भेळ, आणि साडेनऊला गाव सामसूम. जानेवारीत आर्ट सर्कल या इथल्या संस्थेचा संगीत महोत्सव थिबा पॅलेसच्या आवारात होतो, थंडीत उघड्यावर गाणं, मागे उजळलेला राजवाडा, त्यासाठी पुण्या-मुंबईहून मुद्दाम येऊन राहणारे लोक आहेत. म्हणजे कारण दिलं तर माणूस राहतो.

मग करायचं काय

पणजीचं बघा. पणजीलाही मिरामार सोडलं तर शहरात सांगण्यासारखा बीच नाही, टुरिस्ट कळंगुट-बागाला जातो. पण फोंतेन्यास या जुन्या वस्तीच्या गल्ल्या पायी फिरवायला लागले, जुनी घरं, बेकरी, चॅपेल, आणि पणजीत राहणारा एक वेगळा माणूस तयार झाला. त्याची दुसरी बाजूही आहे, घरासमोर फोटोसाठी गर्दी करणाऱ्यांनी तिथले रहिवासी वैतागलेत, तेही लक्षात ठेवायला हवं. पण पायी फिरवणं हा मुद्दा घेण्यासारखा आहे.

रत्नागिरीत हे सहज जमेल. एक सकाळ बंदर आणि मासळी मार्केट. एक सकाळ टिळक आळी, पतितपावन, जेल बाहेरून, कीरांची गोष्ट. एक संध्याकाळ थिबा, आधी कबर, मग पॅलेस, मग पॉइंट. आणि ज्याला अजून एक दिवस आहे त्याच्यासाठी उक्षी. कोकणातली कातळशिल्पं, म्हणजे सड्यावर कोरलेली जुनी चित्रं, २०२२ मधे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, नऊ जागांपैकी सात रत्नागिरी जिल्ह्यातल्या, त्यातली उक्षीची आणि जांभरुणची शहरातून निघून अर्ध्या दिवसात बघून होणारी. उक्षीला सड्यावर कोरलेला अख्खा हत्ती आहे आणि गावकऱ्यांनी त्याच्याभोवती वरून बघता यावं म्हणून गोल सज्जा बांधलाय. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या निसर्गयात्री संस्थेने वर्षानुवर्षं सडे तुडवून ही शिल्पं शोधली, गावोगाव विचारत, गुराख्यांना विचारत. पाच तासवाल्या टुरिस्टला यातलं काहीच बघणं शक्य नाही, आणि मुद्दा तोच आहे.

यासाठी कोट्यवधी लागत नाहीत. लागतात ती सांगणारी माणसं. गोगटे-जोगळेकर कॉलेजात इतिहास शिकणारी पोरं आहेत, फिशरीज कॉलेजची पोरं आहेत, त्यांना सुट्टीच्या दिवशी पैसे घेऊन फिरवायला काय हरकत आहे? 'बसरा स्टार'ने हेच दाखवलं ना, गोष्ट असली की लोक वाकडी वाट करून येतात, मग तिथे लॉन नसलं तरी चालतं. दरवेळी निधी आला की आपण आधी लॉन करतो.

विरोध कुठून येईल ते मला दिसतंय. मिरकरवाड्यातले लोक म्हणतील धक्क्यावर आधीच पाय ठेवायला जागा नाही, त्यात तुमचे कॅमेरे. बरोबरच आहे त्यांचं. कुणाच्या कामाच्या जागी पन्नास माणसं घुसवायची नाहीत, आठ-दहांचा गट, कडेने, सोबत गावातलंच कुणीतरी, आणि लिलाव चालू असताना मधे प्रश्न विचारायचे नाहीत, आणि त्या फेरीचे पैसे बंदरातल्या माणसाकडेच जायला हवेत, मधल्या एजंटाकडे नाही. टिळक आळीतही लोक राहतात, त्यांच्या ओसरीवर जाऊन बसायचं नाही. हे नियम आधी ठरले तर ठीक, नाहीतर फोंतेन्यासचं झालं तेच इथे.

आणि मुक्कामाचं गणित काकूंनी कधीच सोडवलंय. एका रात्रीचं गिऱ्हाईक त्यांना मे महिन्यात परवडत नाही, कारण गेलं की चादरी, अभ्रे, टॉवेल सगळं धुवायला पडतं आणि धुवायला पाणी विकतचं. तेच माणूस दोन रात्री राहिलं तर धुणं एकदाच. म्हणून त्यांनी दुसऱ्या रात्रीचा दर कमी ठेवलाय, वर सकाळी घावणे नि चहा त्यातच, आणि राहणाऱ्याला हवं असेल तर त्यांचा भाचा सहाला बंदरावर घेऊन जातो. मासे स्वतः निवडून आणा, करून देते म्हणतात. सुरमई आणलीत तर सुरमई, पण भाचा आधी मुडदुशी दाखवतो.